सी. पी. बेरारची शेवटची पेटी
अल्पखर्ची, विस्मृत चित्रपटांचा शोध अमडापूरच्या बाजूने

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अमडापूर हे बल्लाळदेवीचे गाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यात ओळखले जाते. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि अलीकडच्या काळात प्रामुख्याने सोयाबीन, चिखली हे तालुक्याचे ठिकाण, खामगाव ही कापसाची आणि चांदीची जुनी बाजारपेठ, आणि या दोहोंना जोडणारी एस.टी., एवढ्यात या गावाचा भूगोल सांगून होतो. मराठी किंवा हिंदी चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत अमडापूरचा उल्लेख सापडत नाही आणि त्यात नवल नाही, कारण हे ग्रंथ चित्रपट जिथे तयार झाले त्या मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडे तोंड करून लिहिले गेले आहेत. चित्रपट जिथे संपला, म्हणजे ज्या पडद्यावर त्याची झिजलेली प्रत अखेरची लावली गेली, त्या जागेपासून इतिहास लिहिण्याचा प्रयत्न फारसा झालेला नाही. मोठ्या चित्रपटांच्या बाबतीत ही उणीव खपून जाते. अल्पखर्ची, वर्तमानपत्रांनी परीक्षणसुद्धा न छापलेल्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र ती खपत नाही, कारण त्यांचे खरे आयुष्य अशाच गावांच्या आसपास गेले.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या चित्रपटांचे भाग्य पालटताना दिसते. रामसे बंधूंचे भयपट, कांती शाह यांचा 'गुंडा' (१९९८), कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) अशी परस्परांशी काहीही नाते नसलेली नावे आज 'कल्ट' या एकाच शब्दाखाली घेतली जातात. तिकीटबारीवरील यशापयशाशी संबंध नसलेला, पण लहानशा निष्ठावंत वर्गाने पुन्हा पुन्हा पाहून, संवाद पाठ करून आणि प्रती एकमेकांना देऊन जिवंत ठेवलेला चित्रपट, असा या शब्दाचा अर्थ सांगता येईल. हा नवा प्रेक्षक बहुधा महानगरातला आणि संगणकावर चित्रपट पाहणारा आहे. त्याने शोधून काढलेल्या चित्रपटांचा पहिला प्रेक्षक मात्र जिल्ह्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये किंवा यात्रेतल्या तंबूत बसलेला होता, आणि त्याने त्या चित्रपटात काय पाहिले याची नोंद कोणीही घेतलेली नाही.

व्यापाराने जपलेला वऱ्हाड

चित्रपट व्यवसायात देशाची विभागणी राज्यांप्रमाणे नसते, तर 'सर्किट' म्हणजे वितरणक्षेत्रांप्रमाणे असते. बुलढाणा जिल्हा ज्या क्षेत्रात मोडतो त्याचे नाव व्यवसायात अजूनही 'सी. पी. बेरार' असेच आहे. निजामाकडून इंग्रजांकडे आलेला वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. प्रशासनाने 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हे नाव केव्हाच टाकून दिले, पण चित्रपटाचे हक्क विकत घेणाऱ्यांच्या करारनाम्यांत ते तसेच राहिले. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत आणि भुसावळात एकवटल्या, वितरक व प्रदर्शकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळला आहे, आणि याचे साधे कारण रेल्वे हे होय. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मुख्य मार्गिका आणि इटारसीकडे फुटणारा फाटा भुसावळला मिळतात, त्यामुळे फिल्मच्या पेट्या तिथे उतरवून चहूकडे पाठवणे सोयीचे होते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेने मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके याच मार्गिकेवर आहेत, आणि जलंबहून खामगावपर्यंत आखूड फाटा जातो. घाटावरच्या गावांपर्यंत पेटी पोहोचायची ती तिथून पुढे मोटारीने.

या व्यवस्थेचा एक परिणाम दूरगामी ठरला. सी. पी. बेरारचा वितरक मराठी आणि हिंदी भाषक अशा दोन्ही मुलखांत एकाच प्रतीवर धंदा करीत असल्यामुळे त्याचा ओढा हिंदीकडे राहिला. मराठी चित्रपटाची भरवशाची बाजारपेठ मुंबई, पुणे आणि दक्षिण महाराष्ट्र हीच होती. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, तशा विक्रमाची अपेक्षा वऱ्हाडात कोणी धरली नसती. म्हणूनच वऱ्हाडी खेड्यातल्या जुन्या प्रेक्षकाच्या आठवणीतला चित्रपट पुष्कळदा हिंदी असतो, तोही पहिल्या फळीतला नव्हे, तर मारधाडीचा, देवादिकांचा किंवा भुताखेतांचा.

पेटीचा उतरता प्रवास

३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी दाखवल्या जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म यंत्रातून जाते. अडीच तासांच्या चित्रपटाला या हिशेबाने साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. ती हजार-हजार फुटांच्या चौदा रिळांत किंवा दोन हजार फुटांच्या सात रिळांत गुंडाळून गोल डब्यांत आणि ते डबे पत्र्याच्या पेटीत घालून पाठवले जात. एका संपूर्ण प्रतीचे वजन तीसेक किलोंच्या घरात जाई. प्रत काढणे खर्चाचे काम असल्याने अल्पखर्ची चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत आणि एकाच प्रतीला वर्षानुवर्षे फिरावे लागे.

हा प्रवास नेहमी वरून खाली होई. व्यवसायाच्या भाषेत मोठी शहरे 'ए सेंटर', जिल्ह्याची आणि बाजारपेठेची गावे 'बी सेंटर' आणि त्याखालची 'सी सेंटर'. पहिल्या फेरीतली प्रत वरच्या गावात झिजली की खाली उतरे आणि तिचे भाडेही उतरे. वरच्या गावांत वितरक तिकीटविक्रीतला हिस्सा घेई, आणि विक्रीचा आकडा खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी आपला माणूस पेटीबरोबर पाठवी. खालच्या गावांत असा माणूस पाठवणे परवडत नसल्यामुळे ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन प्रत देऊन टाकण्याची पद्धत होती; तिला 'फिक्स हायर' म्हणत. आगाऊ रक्कम भरलेल्या प्रदर्शकाला ती वसूल करायची असल्याने चित्रपटाचे नाव, पोस्टर आणि गावातून फिरणारा भोंगा यांवर सगळा भार येई. पोस्टरवर चेहरा असलेला नट चित्रपटात दहा मिनिटेच दिसला, तरी प्रेक्षकांना ते कळेपर्यंत पेटी पुढच्या गावाला निघून गेलेली असे.

वितरणाचे हक्क मुदतीचे असत. ती संपल्यावर प्रती निर्मात्याला परत कराव्यात किंवा नष्ट कराव्यात असे करारात असले, तरी बंद पडलेल्या निर्मितीसंस्थेला झिजलेल्या प्रती नको असत आणि वितरकाला गोदामाची जागा हवी असे. कृष्णधवल फिल्मच्या थरात धातुरूप चांदी उरते, ती काढून घेण्यासाठी जुन्या प्रती किलोच्या भावाने विकल्या गेल्या आणि उरलेल्या पट्ट्या बांगड्यांसारख्या वस्तूंच्या कामी आल्या. रंगीत फिल्ममधील चांदी धुलाईतच निघून जाते, त्यामुळे रंगीत प्रत भंगारवाल्याच्या दृष्टीने कमी मोलाची, आणि एवढ्याच कारणाने एखादी रंगीत प्रत एखाद्या कोपऱ्यात पडून राहिली असण्याची शक्यता तुलनेने अधिक. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जिथे एवढ्या मानाच्या चित्रपटाची ही गत झाली, तिथे सत्तरच्या दशकातल्या एखाद्या बिननावाच्या साहसपटाचे काय झाले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तंबू, कार्बन आणि जोड

पक्की टॉकीज नसलेल्या गावांपर्यंत चित्रपट पोहोचवला तो टुरिंग टॉकीजने. तंबू, पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर ट्रकमध्ये घालून यात्रांच्या वेळापत्रकाप्रमाणे हिंडणारा हा व्यवसाय पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी मुक्कामी परते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा तंबूंचा अनेक वर्षे पाठपुरावा करून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या माहितीपटांसाठीच्या पुरस्कारात त्याची विशेष दखल घेतली गेली. गजेंद्र अहिरे यांच्या 'टुरिंग टॉकीज' (२०१३) या मराठी चित्रपटाचा विषयही हाच आहे. दोहोंत तंबूची शोभा आहेच, पण माहितीपटाचे खरे मोल यंत्राकडे आणि यंत्र चालवणाऱ्या हातांकडे टक लावून पाहण्यात आहे.

जुन्या प्रोजेक्टरमध्ये दिवा नसे. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवली जाई आणि अंतर्गोल आरसा तो प्रकाश फिल्मवर टाकी. कांड्या जळून आखूड होत जात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर सतत सांभाळणे हे ऑपरेटरचे पहिले काम. अंतर वाढले की पडदा काळवंडे आणि प्रेक्षक ओरडू लागत. पक्क्या टॉकीजमध्ये दोन प्रोजेक्टर असत. रीळ संपत आले की चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटे, त्यावर दुसरे यंत्र सुरू करायचे आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच पडदा त्या यंत्राच्या हवाली करायचा. हे ठिपके रिळाच्या टोकाजवळ असल्यामुळे, आणि टोकेच सर्वांत आधी फाटत असल्यामुळे, जुन्या प्रतीत ते नाहीसे होत. मग प्रत्येक गावचा ऑपरेटर सुईने किंवा टोकदार खिळ्याने फिल्मवर स्वतःची खूण ओरखडी. सी सेंटरला पोहोचलेल्या प्रतीवर अशा अनेक हातांच्या खुणा एकापुढे एक दिसतात. एका प्रोजेक्टरच्या तंबूत हा प्रश्नच नव्हता, तिथे रीळ बदलेपर्यंत अंधार असे.

फिल्म तुटली की दोन्ही टोके सरळ कापायची, एका टोकावरचा चित्राचा थर पात्याने खरवडायचा, त्यावर सिमेंट नावाचा द्राव लावायचा आणि दुसरे टोक छिद्राला छिद्र जुळवून दाबून धरायचे. प्रत्येक जोडात काही चौकटी जात. शेकडो खेळांनंतर संवादाचे शब्द तुटत, मारामारीत हात उचललेला दिसे आणि पुढच्याच क्षणी समोरचा माणूस पडलेला असे. लोकप्रिय गाण्याच्या ठिकाणी प्रत अधिक अधू असे, कारण आवडत्या चौकटी कापून ठेवण्याचा मोह ऑपरेटरांनाही आवरत नसे. याच्या उलट, मूळ चित्रपटात नसलेली उत्तान दृश्ये मध्येच जोडण्याचाही प्रकार काही ठिकाणी चाले. त्यामुळे अल्पखर्ची चित्रपटाच्या दोन प्रती सारख्या मिळतीलच असे नाही, आणि अमुक प्रत मूळची असे म्हणताना अभ्यासकाला दहादा विचार करावा लागतो.

तंबूत काय लावायचे याचे तारतम्य प्रदर्शकाला असे. यात्रा देवीची असेल तर 'जय संतोषी माँ' (१९७५) सारखा चित्रपट हमखास. ज्या वर्षी 'शोले' आला त्याच वर्षी आलेला, त्याच्या तुलनेत नगण्य खर्चाचा, बड्या नटांविना केलेला हा चित्रपट देशभर चालला. पडद्यासमोर वहाणा काढणे, फुले आणि नाणी उधळणे, आरती करणे असे प्रकार त्याच्या खेळांना झाले आणि शुक्रवारच्या गूळ-चण्याच्या व्रताला त्याने घरोघरी नेले. आज भक्तिपट म्हटला की अभ्यासक त्याला बाजूला सारतात आणि भयपट किंवा मारधाडपट तेवढा 'कल्ट' मानतात. ही विभागणी उचित नव्हे. एकच प्रेक्षक, एकच तंबू आणि पुष्कळदा एकाच वितरकाची पेटी. निष्ठेने पुन्हा पुन्हा पाहणे हीच कसोटी असेल तर संतोषी मातेच्या प्रेक्षकाहून मोठा निष्ठावंत शोधूनही सापडणार नाही.

कमी पैशांचे शास्त्र

रामसे कुटुंबाची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, पण तिच्यातला महाराष्ट्र फारसा सांगितला जात नाही. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा मूळ धंदा रेडिओच्या दुकानाचा. त्यांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या चित्रपटाला यश आले नाही, परंतु त्यातील मुखवटा घातलेल्या चोराचा प्रवेश प्रेक्षकांना घाबरवतो हे मुलांनी हेरले आणि त्यातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) हा भयपट निघाला. सातही भावांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे वाटून घेतली, सगळे मंडळ घेऊन महाबळेश्वर गाठले आणि तिथेच मुक्काम करून चित्रीकरण उरकले. स्टुडिओचे भाडे नाही, उभारलेला देखावा नाही, बाहेरचे तंत्रज्ञ जवळपास नाहीत. घाटातले धुके, जुना बंगला आणि रात्र एवढ्यावर भागवायचे, ही रीत पुढे 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) पर्यंत टिकली. रामसेपटांतली हवेली म्हणून प्रेक्षकांनी जे पाहिले त्यातले बरेचसे सह्याद्रीत आणि कोकणकिनाऱ्यावर टिपलेले आहे.

कच्च्या फिल्मचा प्रश्न याहून बिकट होता. ती आयात करावी लागे, परवाना लागे, आणि स्वस्तात हवी तर पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' घ्यावी लागे. एका दृश्याचे दोन-तीनपेक्षा अधिक प्रयत्न परवडत नसत, म्हणून चुकलेला उच्चार तसाच राही आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळी झाकला जाई. आजचा रसिक ज्या ओबडधोबडपणावर लुब्ध होतो, त्याचा उगम पुष्कळदा फिल्मच्या फुटांच्या हिशेबात आहे.

मराठीत या अर्थकारणाला शासनाचाही हात लागला. सत्तरच्या दशकाच्या मध्यास राज्याने करपरतावा योजना आणली, तिच्यानुसार मराठी चित्रपटाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी परत मिळू लागला. योजनेने मरगळलेली निर्मिती उभी राहिली हे खरे. तिच्या आधारावर तमाशापट, विनोदपट आणि कौटुंबिक बोधपट मोठ्या संख्येने निघाले, आणि त्यांतले कित्येक एका फेरीनंतर पुन्हा कधीच पडद्यावर आले नाहीत हेही तितकेच खरे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, एका खोलीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर मांडून तिकीट लावता येऊ लागले, आणि तंबूखालची जमीन सरकली. पुढे उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवण्याची सोय झाली आणि २०१३-१४ च्या सुमारास प्रत काढण्याची पद्धतच जवळजवळ थांबली. पेटीचा प्रवास तिथे संपला.

बर्लिनमध्ये राहिलेला 'घाशीराम'

विस्मृत मराठी चित्रपट परत कसा येतो याचे सर्वांत बोलके उदाहरण 'घाशीराम कोतवाल' (१९७६) हे आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था स्थापून हा चित्रपट केला. मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत, पटकथा मूळ नाटकाचे लेखक विजय तेंडुलकर यांचीच, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी. नाटकाची कीर्ती आणि नाटकाभोवतीचा वाद दोन्ही उदंड असूनही चित्रपट मात्र नाहीसा झाल्यातच जमा होता. त्याची प्रत बर्लिनच्या 'आर्सेनाल' या चित्रपटसंस्थेच्या संग्रहात टिकून होती. तिच्यावरून डिजिटल रूप तयार झाले आणि २०१४ च्या सुमारास चित्रपट पुन्हा पाहण्यासाठी उपलब्ध झाला. २०१४ च्याच आरंभी कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर', जो पूर्ण होऊनही सव्वीस वर्षे चित्रपटगृहात लागला नव्हता आणि केवळ व्हिडिओ कॅसेटींच्या नकलांवर तगला होता, तो रीतसर प्रदर्शित झाला.

या दोन्ही चित्रपटांच्या पाठीशी शिकलेला, लिहिणारा, देशाबाहेर ओळखी असलेला वर्ग होता. रामसेपटांना परदेशी डीव्हीडी कंपनीने हात दिला. नव्वदच्या दशकातल्या स्वस्त हिंदी चित्रपटांच्या चार दिग्दर्शकांना 'सिनेमा मरते दम तक' (२०२३) या मालिकेने पुन्हा कॅमेऱ्यापुढे आणले. सी. पी. बेरारच्या तळाला फिरलेल्या सामान्य चित्रपटाला यांपैकी कोणीच नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, जे मिळेल ते उचलून आणून ते घडवले. संग्रह करणाऱ्याने आधी निवड करू नये, कारण पुढच्या पिढीला काय मोलाचे वाटेल हे त्याला ठाऊक नसते, या भूमिकेमुळेच फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) बरोबर अनेक किरकोळ मानले गेलेले चित्रपटही वाचले. नायर यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट करणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनची स्थापना केली. संस्था आहेत, तंत्र आहे. उणीव आहे ती खालून वर माहिती पोहोचवणाऱ्या वाटेची, आणि ती वाट अमडापूर, चिखली, खामगाव, मेहकर अशा गावांतूनच निघू शकते.

डबा सापडल्यास

बंद टॉकीजच्या माडीवर, जुन्या प्रदर्शकाच्या वाड्यात किंवा भंगाराच्या दुकानात फिल्मचा डबा सापडलाच, तर तो उघडताना येणारा वास पहिली माहिती देतो. आंबट, शिरक्यासारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे; ही कूज उष्णतेने आणि दमटपणाने वाढते आणि एका डब्यातून शेजारच्या डब्याला लागते, म्हणून असा डबा इतरांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा लागतो. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म असेल तर धोका मोठा, कारण ती अतिज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही. दोन्ही प्रकारांत हौसेने प्रोजेक्टरवर चढवून पाहणे टाळले पाहिजे. आकसलेल्या फिल्मची छिद्रे यंत्राच्या दातांशी जुळत नाहीत आणि शिल्लक आहे तेही फाटते. चित्र गुलाबी-लालसर दिसले तर निळसर रंगद्रव्य उडाले आहे, पण संगणकावर ते बऱ्याच अंशी परत आणता येते.

ओळख पटवण्याचे काम त्यानंतरचे. पहिल्या रिळाच्या तोंडाशी सेन्सॉरचे प्रमाणपत्र असते आणि त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी आणि रिळांची संख्या छापलेली असते. परंतु यंत्रात घालताना सर्वांत जास्त झीज तोंडाचीच होत असल्यामुळे शेवटच्या गावापर्यंत ते क्वचितच शाबूत पोहोचते. अशा वेळी फिल्मच्या कडेवर, छिद्रांच्या बाहेरच्या बाजूला, कारखान्याने छापलेले नाव आणि चिन्हे भिंगातून वाचतात. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण यांच्या जुळणीतून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली हे कळते. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर वितरकाचे नाव, रीळ क्रमांक आणि कधी कधी आधीच्या गावांची नावे पेन्सिलीने लिहिलेली असतात. संग्रहालयाला डबा देताना लोक तो स्वच्छ पुसून, नव्या पिशवीत घालून देतात आणि नेमका हा कागद निघून जातो; तो तसाच राहू द्यावा, आणि डबा कोणत्या गावी, कोणत्या जागी मिळाला हे त्याच दिवशी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.